शिगवणकाकांचा सहावा टॅपेट

शिगवणकाकांशी त्याच दिवशी भांडता येत नसे. तुम्ही रागाने लाल होऊन त्यांच्या दारात उभे राहिलात की ते आधी तुमच्याकडे नीट बघायचे. मग इंजिनाची धग तपासावी तसा उजवा तळवा तुमच्यापासून वीतभर अंतरावर धरायचे आणि शांतपणे म्हणायचे, "गरम आहे. आत्ता नको. सकाळी ये."

आणि दार लावून घ्यायचे.

सकाळपर्यंत राग टिकवून धरणं किती अवघड आहे, हे ज्याने प्रयत्न केलाय त्यालाच कळेल. मी तीनदा केला. एकदा तर उशाशी चिठ्ठी लिहून ठेवली होती, कशाबद्दल रागावलोय ते विसरू नये म्हणून. सकाळी सहाला डोळे चोळत त्यांच्या दारात गेलो, तर काकूंनी गरम चहा हातात दिला आणि काका म्हणाले, "हां, बोल आता." मी म्हणालो, चहा छान झालाय.

भाईंदरच्या जेसल पार्कमधल्या आमच्या सोसायटीत आम्ही गिरगावातल्या दीड खोलीतून राहायला आलो तेव्हा शिगवणकाका तळमजल्यावर आधीपासून होते. मूळचे रत्नागिरीकडचे. ठाण्याच्या एका कारखान्यात तीस वर्षं फिटर. कारखाना बंद पडला, हातात थोडेफार पैसे आले. अशा पैशांचं लोक फिक्स डिपॉझिट करतात. काकांनी वसईच्या एका भाजीवाल्याकडून जुनी डिझेल पिकअप घेतली. तिचा मूळ रंग कुठला असावा यावर सोसायटीत दोन मतं होती. रोज पहाटे पाचला ते ती घेऊन चौक नावाच्या कोळीवाड्याला जायचे. तिथल्या कोळिणी आणि त्यांच्या टोपल्या भाईंदर नि मीरा रोडच्या बाजारात पोहोचवायच्या आणि साडेअकराच्या ठोक्याला परत यायचं. सोमवारी मासे खाणारे कमी, म्हणून सोमवारी सुट्टी.

आणि सुट्टीचा दिवस टॅपेटचा.

टॅपेट म्हणजे काय हे मला चाळीस वर्षांत कळलं नव्हतं आणि त्यावाचून माझं काही अडलंही नव्हतं. काकांनी ते मला एका सोमवारी समजावलं, ते त्यांच्याच भाषेत सांगतो. इंजिनाच्या डोक्यावर एक पत्र्याचं झाकण असतं. ते उघडलं की आत आठ व्हॉल्व्ह असतात, म्हणजे हवा आत घ्यायची आणि धूर बाहेर सोडायची आठ छोटी दारं. प्रत्येक दारावर एक छोटा लोखंडी हात असतो, त्याला म्हणायचं रॉकर. तो हात खाली दाबतो, दार उघडतं; हात वर होतो, दार मिटतं. पण हात आणि दार यांच्यात केसाएवढी फट ठेवावी लागते, कारण लोखंड तापलं की वाढतं. फट ठेवली नाही तर दार पुरतं मिटतच नाही आणि हळूहळू जळून जातं. फट जास्त झाली तर हात दारावर आपटतो आणि टकटक आवाज येतो. ही फट बरोबर मापाची लावणं म्हणजे टॅपेट लावणं.

"आवाज करणारा वाईट ना मग?" मी हुशारी दाखवली.

"उलटं," काका म्हणाले. "बोलणारा टॅपेट जगतो. गप्प झाला तो जळतो. काय समजलास?"

हे वाक्य ते सगळ्यांना लावायचे. दुसऱ्या मजल्यावरचे मेहताभाई सोसायटीच्या प्रत्येक बैठकीत तासभर तक्रारी करायचे, तेव्हा काका म्हणायचे, बोलू दे त्याला, बोलतोय तोवर सोसायटी ठीक आहे. माझी बायको नीता एकदा माझ्याशी दोन दिवस बोलत नव्हती. काकांनी मला जिन्यात अडवलं आणि म्हणाले, "गप्प आहे ना? बघ मग लवकर." मी लगेच वर जाऊन माफी मागितली. कशाची, ते तिनेच नंतर सांगितलं.

मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो. हे पद मला कसं मिळालं, तर ज्या बैठकीत निवड झाली तिला मी गेलो नव्हतो. काका मला नावाने कधीच हाक मारायचे नाहीत, "सेक्रेटरी" म्हणायचे, आणि सोमवारी सकाळी सहा ते सात हा सेक्रेटरी त्यांच्यासाठी बॅटरी धरून उभा असायचा. ऑफिसला निघायच्या आत. माझ्या अंगात दुसरा कुठलाही यांत्रिक गुण नाही हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं.

काकांकडे एक फिलर गेज होतं. चाकूसारखं दिसणारं, पण आत पात्यांऐवजी पोलादाची पातळ पानं. प्रत्येक पानावर जाडी कोरलेली, इंचाच्या हजाराव्या भागात. त्याला काका "थाऊ" म्हणायचे. त्या इंजिनाचं माप बारा थाऊ. इंजिन रात्रभर थंड झालेलं पाहिजे. मग पुलीला पाना लावून इंजिन हाताने फिरवायचं, दार पुरतं मिटलंय याची खात्री करायची, बारा नंबरचं पान फटीत सरकवायचं आणि ओढून बघायचं. सैल नको, घट्ट नको.

"किती घट्ट?" मी विचारलं होतं.

काकांनी विचार केला. "रेशनकार्ड प्लॅस्टिकच्या कव्हरातून काढताना लागतं ना, तेवढं लागलं पाहिजे."

त्या दिवशी घरी जाऊन मी आमचं रेशनकार्ड पंधरा वेळा आत-बाहेर केलं. नीताने विचारलं काय चाललंय. मी म्हणालो, टॅपेट. तिने पुढे काही विचारलं नाही. लग्नाला सोळा वर्षं झाली होती.

काकांचं बोट म्हणजे मात्र कमाल होती. रिक्षावाले यायचे, शेजारच्या बिल्डिंगचा पाण्याचा पंप यायचा, चौकचे लोक होडीच्या इंजिनासाठी त्यांना बोलवायचे. मी एका रविवारी त्यांच्याबरोबर चौकला गेलो होतो. तिथली एक कोळीण टोपली चढवता चढवता मला म्हणाली, "आमचा गाडीवाला येडा हाय जरा. पन टायमाला चुकत न्हाय नि याचा हात लागला की मशीन बोलत न्हाय, गाते." काका ऐकून न ऐकल्यासारखं करत दोर आवळत होते.

एवढं सगळं असून खुद्द काकांची पिकअप टकटक करायची.

हे सोसायटीला न सुटलेलं कोडं होतं. दर सोमवारी काका झाकण उघडायचे, आठही टॅपेट लावायचे, झाकण बसवायचे, आणि मंगळवारी पहाटे पाचला गाडी सुरू झाली की टक टक टक टक. शिलाई मशीनवर कोणी चमचा आपटावा तसा. डिझेलच्या घरघरीतूनही वेगळा ऐकू यायचा. लोक हसायचे. "जगाचे टॅपेट लावतो नि स्वतःचा टकटकतो," असं म्हणायचे. काकांच्या कानावर ते जायचं. ते फक्त म्हणायचे, "जुनी गाडी आहे. बोलणारच."

गाडी उभी राहायची ती काकांच्या खिडकीला अगदी खेटून. खिडकीत काकू बसलेल्या असायच्या. काकूंना काचबिंदू झाला होता आणि तो फार उशिरा कळला. उजेड आणि अंधार एवढंच त्यांना समजायचं. पण घरात त्या अशा वावरायच्या की नवीन माणसाला पत्ता लागू नये. गॅस, दूध, डबे, सगळं हाताच्या सवयीचं. फक्त बेल वाजली तर दार उघडायच्या नाहीत. एकदा कोणीतरी पाण्याचा मीटर बघायला आलोय म्हणून आत शिरला होता आणि जाताना तांब्याचा हंडा घेऊन गेला. तेव्हापासून त्यांनी बेलवर विश्वास ठेवणं सोडलं होतं. गंमत म्हणजे काका साडेअकराला परत यायचे तेव्हा मात्र दार आधीच उघडं असायचं, काकू दारात असायच्या आणि आत चहा उकळत असायचा. मी नीताला म्हणायचो, बघ, याला म्हणतात वेळापत्रक. नीता म्हणायची, तुम्ही वेळेवर येऊन दाखवा, मग बोलू.

एका वर्षी मेहताभाईंच्या तक्रारीला धार आली. त्यांच्या सुनेला बाळ झालं होतं आणि पहाटे पाचला टकटक सुरू झाली की बाळ उठायचं. तक्रार खरी होती. ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "सेक्रेटरीसाब, अपना सोसायटी है या घडी का दुकान?" कमिटीत ठरलं. महिन्याच्या शेवटच्या रविवारी सर्वसाधारण सभा आहे. तोवर पिकअपचा आवाज बंद झाला तर उत्तम. नाही झाला तर पिकअप कंपाउंडच्या बाहेर, खाडीकडच्या मोकळ्या रस्त्यावर. नोटीस सेक्रेटरीने द्यायची.

मी ती नोटीस खिशात घेऊन चार दिवस फिरलो. शेवटी सोमवारी बॅटरी धरता धरता दिली. काकांनी हात पुसून ती वाचली. घडी करून परत माझ्या खिशात ठेवली.

"गाडी खिडकीखालून हलणार नाही," ते म्हणाले.

"मग आवाज बंद करा ना काका. तुम्हाला काय अवघड आहे?"

"आवाज पण राहील."

"अहो, असं कसं? दोन्हींपैकी एक तरी..."

काकांनी तळवा माझ्यासमोर धरला. "गरम आहेस. बॅटरी सरळ धर."

खाडीकडच्या रस्त्यावर गाडी उभी राहिली तर तिची बॅटरी चोरीला जाणार, डिझेल काढून नेणार, आणि या वयात काका पहाटे अंधारात तिथवर चालत जाणार. मला वाटलं, काकांचा हात आता थरथरत असणार. नजर कमी झाली असणार. ते कबूल करायला लाजतायत. म्हातारपणी माणूस हट्टी होतो तो असा. मला त्यांची दया आली. माझ्या आयुष्यातले सगळे मोठे गोंधळ मला कुणाची तरी दया आल्यामुळे झालेले आहेत.

त्याच आठवड्यात काका आणि काकू पुतण्याच्या लग्नाला गावी निघाले. एसटीने. जाताना काकांनी पिकअपची किल्ली माझ्या हातात दिली. रोज पाच मिनिटं सुरू करून ठेव, नाहीतर बॅटरी उतरेल, असं सांगितलं. "बाकी कशाला हात लावू नकोस." मी मान हलवली. मान हलवताना माझ्या मनात टॅपेट होते.

दीड वर्ष मी बॅटरी धरत होतो. प्रत्येक हालचाल पाठ होती. रविवारी सकाळी सहाला मी खाली उतरलो. हत्यारं सीटखाली होती. या वेळी बॅटरी धरायला नीता, गाऊनवर शाल घेऊन. ती म्हणाली, "अहो, तुम्हाला घरातला मिक्सर उघडत नाही." मी म्हणालो, मिक्सरची गोष्ट वेगळी.

काकांना एक तास लागायचा. मला पाच लागले. स्क्रू बरोबर लावायचा, मग तो हलू नये म्हणून त्यावरचा नट आवळायचा. पण नट आवळताना स्क्रूही बरोबर फिरतो आणि लावलेली फट नाहीशी होते. एका हाताने स्क्रूड्रायव्हर घट्ट धरून दुसऱ्याने पाना फिरवायचा असतो. माझे दोन्ही हात एकाच दिशेला जायचे. झाकणाचा एक बोल्ट चाकाखाली गेला तो शोधण्यात चाळीस मिनिटं गेली. नऊ वाजता मेहताभाई गॅलरीत आले, कठड्यावर हात ठेवून बराच वेळ बघत राहिले आणि खाली पोहे पाठवून दिले.

एक गोष्ट मात्र तेव्हाच लक्षात यायला हवी होती. पहिले पाच टॅपेट मी तपासले, ते बरोबर बारा होते. रेशनकार्डासारखे. सातवा नि आठवाही तसेच. फक्त सहावा सैल होता, चांगलाच. सात टॅपेट केसाच्या मापाने लावणारा माणूस नेमका हाच एक कसा चुकेल, असा विचार कोणाही शहाण्याने केला असता. शिवाय त्या फिलर गेजच्या एका पानाला लाल दोरा बांधलेला होता. अठरा नंबरचं पान. मागे एकदा मी विचारलं होतं हे कशाला, तेव्हा काका म्हणाले होते, निशाणी. त्या रविवारी मी तो दोरा बोटाने बाजूला केला, कारण तो मध्ये येत होता, आणि सहावा टॅपेट बारावर लावला.

पहिले पाचही मी उगाच सोडून पुन्हा लावले होते, आत्मविश्वासासाठी. चार तास त्यातच गेले.

अकराच्या सुमाराला किल्ली फिरवली. घरघर झाली, थरथर झाली, आणि मग गाडी शांत चालू राहिली. टकटक नाही. गॅलऱ्यांमधून लोक डोकावले. मेहताभाईंनी वरून दोन्ही हात जोडले. नीता माझ्याकडे बघत होती, तशी ती आमच्या साखरपुड्यानंतर पहिल्यांदाच बघत होती. दुपारी मी नोटीस बोर्डावर स्वतःच्या अक्षरात लिहिलं: "पिकअपचा आवाज बंद झाला आहे. सहकार्याबद्दल आभार."

काका-काकू सोमवारी संध्याकाळी आले. मंगळवारी मी ऑफिसातून रजा काढली. खोटं कशाला सांगू, शाबासकी घ्यायला काढली. पहाटे पाचला पडद्याआडून बघत होतो. काकांनी गाडी सुरू केली. बंद केली. परत सुरू केली. मग थोडा वेळ नुसते स्टिअरिंगवर हात ठेवून बसले. आणि निघून गेले. मला वाटलं, भारावले.

साडेअकराला पिकअप गेटमधून आत आली. गुपचूप, मांजरासारखी. खिडकीखाली उभी राहिली. काका उतरले, दारापर्यंत गेले. दार बंद होतं. त्यांनी बेलवर हात नेला आणि मागे घेतला. खिडकीतून आत पाहिलं. मग परत गाडीत बसले, गाडी मागे घेतली, गेटबाहेर गेले आणि पुन्हा आत आले, या वेळी ॲक्सिलरेटर जास्त दाबून. खिडकीखाली थांबले. परत बाहेर. परत आत.

मी वरून नीताला म्हणालो, बघ, आनंदाने फेऱ्या मारतायत.

आणि शाबासकी घ्यायला खाली उतरलो.

काका गाडीला टेकून उभे होते, खिडकीपासून दोन हातांवर. मी काही बोलणार तेवढ्यात काकूंना माझ्या चपलांचा आवाज ओळखू आला. त्या खिडकीच्या गजांना धरून उभ्या होत्या, मान एका बाजूला कललेली.

"कोण, भाऊ ना? यांची गाडी दिसतेय का हो कुठे? आज फार उशीर झाला. मघापासून दुसरीच कुठली तरी गाडी येतेय नि जातेय. तीनदा आली."

मी काकांकडे बघितलं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं होतं.

"येतील हो काकू," मी म्हणालो.

"त्यांच्या गाडीत तो टकटक आवाज आहे ना, तो गेटवर आला की मी आधण ठेवते. हातपाय धुवून येईपर्यंत चहा होतो. आज आवाजच नाही." मग त्यांनी आवाज खाली आणला. "तुम्हाला म्हणून सांगते भाऊ. एवढे कारागीर, पण स्वतःच्या गाडीचं जमत नाही हो त्यांना. लोक हसतात, मला कळतं. मी कधी बोलत नाही, मनाला लागेल त्यांच्या. आणि खरं सांगू, माझं बरंच आहे. त्या आवाजामुळे मला कळतं, आले ते."

काका खाली बघत होते. मग चार पावलं मागे गेले, चपला वाजवत पुन्हा पुढे आले आणि मोठ्याने म्हणाले, "आलो गं. पंक्चर झालं होतं. गाडी गेटबाहेर ठेवलेय."

ज्या गाडीबद्दल ते हे सांगत होते, तिच्यावरच त्यांचा एक हात होता.

काकू दार उघडायला वळल्या. जमिनीत शिरायला जागा असती तर शिरलो असतो, पण कंपाउंडला आम्ही नुकत्याच फरश्या बसवल्या होत्या. मी एवढंच म्हणालो, "काका, मीच..."

त्यांनी तळवा आधी बॉनेटवर धरला, मग माझ्यासमोर. "दोघं गरम आहेत. संध्याकाळी ये. बॅटरी घेऊन."

संध्याकाळी सहाला इंजिन थंड झालं होतं. मी झालो नव्हतो. काकांनी झाकण उघडलं आणि एकेका टॅपेटमध्ये पान सरकवून बघितलं. आठही. मला वाटलं, आता बोलतील.

"फर्स्ट क्लास," ते म्हणाले. "एक पण चुकला नाही. कुठे शिकलास?"

माझ्या उभ्या आयुष्यात मला मिळालेली ती सगळ्यात मोठी शाबासकी, आणि ती घेताना मान वर करवेना.

त्यांनी लाल दोऱ्याचं पान काढलं. सहाव्याचा नट सैल केला, अठराचं पान घातलं, ओढून बघितलं, स्क्रू धरून नट आवळला. एका झटक्यात. मी विचारलं, हॉर्न का नाही वाजवत? गेटवर एक हॉर्न मारला की झालं.

"हॉर्न सगळ्यांचे सारखे. दूधवाला पण मारतो, गॅसवाला पण मारतो." त्यांनी नट एकदा परत दाबून बघितला. "हा आवाज दुसऱ्या गाडीत नाही. मीच लावलाय, मला माहीत आहे."

"मग काकूंना सांगत का नाही, मुद्दाम ठेवलाय म्हणून? त्यांना वाटतं तुम्हाला जमत नाही."

"वाटू दे. सांगितलं तर म्हणेल, माझ्यापायी इंजिन कशाला बिघडवता, नीट करा आधी. मग नीट करावं लागेल."

झाकण बसवून त्यांनी किल्ली फिरवली. टक टक टक टक. खिडकीतून काकूंचा आवाज आला, "आणलीत का गाडी आत? चहा ठेवते." आणि आत स्टीलचं भांडं ओट्यावर वाजलं.

रविवारी सभा झाली. मी आदल्या दोन रात्री भाषण पाठ केलं होतं, ते उभा राहिल्याबरोबर विसरलो. खरं कारण सांगायची सोय नव्हती. आमच्या सोसायटीत सभेत सांगितलेली गोष्ट दुपारच्या जेवणाआधी काकूंच्या खिडकीपाशी पोहोचली असती. मेहताभाईंनी विचारलं, तुम्हीच लिहिलं होतं ना आवाज बंद झाला म्हणून? मी म्हणालो, झाला होता. पण मी केलेली दुरुस्ती टिकली नाही. माझा हात लागल्यामुळे तो टॅपेट आता कायमचा गेला आहे. शिगवणकाकांनाही तो नीट करता येणार नाही. चूक माझी आहे.

"अब?" मेहताभाई म्हणाले.

"अब ऐसाही रहेगा," मी म्हणालो. "गाडी बाहेर काढायची असेल तर आधी माझी स्कूटर बाहेर काढा आणि मग सेक्रेटरी बदला. मी इथून उठणार नाही."

मी आयुष्यात सभेत आवाज चढवला तो तेवढाच. मागच्या रांगेत काका हात बांधून बसले होते. त्यांनी तळवा वर केला नाही.

मग मेहताभाईंनीच हिशेब मांडला. नुकसान सेक्रेटरीने केलं, सेक्रेटरी सोसायटीचा, म्हणजे नुकसान सोसायटीने केलं. मग भाडेकरूला शिक्षा कशी देणार? काका भाडेकरू नव्हते, पण युक्तिवाद सगळ्यांना पटला. काकांनी उठून सांगितलं की पहाटे गाडी धक्का मारून गेटबाहेर नेईन आणि तिथे सुरू करेन, बाळाची झोप मोडणार नाही. "पण येताना चालूच येईल." हे मान्य झालं. एक अट मात्र एकमताने पास झाली आणि ती मला स्वतःच्या हाताने लिहावी लागली: सेक्रेटरींनी यापुढे सोसायटीतील कोणत्याही यंत्रास हात लावू नये.

रोज पहाटे पाचला पिकअप ढकलायला वॉचमन आणि मी असायचो. तिसऱ्या आठवड्यापासून मेहताभाईही यायला लागले, लेंग्यावर स्वेटर घालून. म्हणाले, डॉक्टरने चलने को बोला है.

या गोष्टीला तीन-चार वर्षं होऊन गेली. मेहताभाईंच्या सुनेचं बाळ आता साडेअकराला गॅलरीत उभं राहून "टकटक आली" म्हणून ओरडतं. मध्यंतरी एक दिवस मेहताभाई पिकअप ढकलता ढकलता हळूच मला म्हणाले, "सेक्रेटरीसाब, आवाज थोडा बढ गया है क्या?" मी म्हणालो, छे, तुमचा भास.

पण मलाही तसंच वाटत होतं.

पुढच्या सोमवारी सहाला बॅटरी घेऊन खाली गेलो. काकांनी झाकण उघडलं, सात टॅपेट बारावर तपासले. मग फिलर गेज हातात घेऊन खिडकीकडे बघितलं. काकू आत नळाखाली काहीतरी धूत होत्या. काकांनी अठराच्या पानावरचा लाल दोरा दातांनी सोडवला. आता त्यांना बारीक गाठ बोटांनी सुटत नाही. तो बावीसच्या पानाला बांधला.

"हल्ली गेटवर ऐकू येत नाही तिला," ते म्हणाले. "वॉचमनची केबिन ओलांडून पार आत आलो की उठते. मागच्या आठवड्यात तर खिडकीखाली थांबलो तरी..." पुढचं त्यांनी स्क्रूड्रायव्हरला सांगितलं.

बावीसचं पान सहाव्यात गेलं. एवढी फट म्हणजे रॉकर दारावर घणासारखा आपटणार, हे आता मलाही कळतं.

"काका," मी म्हणालो, "रॉकर खाईल हा. फार दिवस टिकणार नाही."

त्यांनी नट आवळला, पान ओढून बघितलं, परत एकदा बघितलं.

"रॉकर मिळतो बाजारात," काका म्हणाले. "बॅटरी सरळ धर."